पहिला ठसा गिऱ्हाइकाचा

माझ्या मामाला सरळ गोष्ट सरळ दिसत नाही. हे मी रागाने म्हणत नाही. रागाने म्हणण्यासारख्या त्याच्या दुसऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत. त्याचा धंदाच तसा आहे. तो शिक्के बनवतो, रबराचे आणि पितळेचे. शिक्का कागदावर सुलट उमटायचा तर तो उलटा कोरावा लागतो, आणि सारी हयात उलटं कोरण्यात गेल्यामुळे मामाच्या डोळ्यांना आणि हातांना एक कायमचं वळण पडून गेलं आहे. समोर बसलेल्या माणसाच्या हातातला कागद तो आपल्या बाजूने घडाघडा वाचतो. लहानपणी त्याने मला अक्षरं शिकवायला घेतली, तेव्हा माझी पाटी पाहून शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं.

त्याचं दुकान कचेऱ्यांच्या गल्लीत आहे. पुढे दुकान, मागे घर, आणि मध्ये एक लाकडी पार्टिशन. पार्टिशनच्या या बाजूला मामाचं कोरायचं टेबल आणि त्या बाजूला मामीचं टायपिंगचं. दोघांची तोंडं एकमेकांकडे, मध्ये फळी. संसार टिकायला एवढी फळी पुरे होते, असं मामी म्हणते.

मामी टायपिस्ट. आधी एका कचेरीत होती. तिथून ती ‘खरी नक्कल’ असा शिक्का करून घ्यायला मामाकडे आली आणि फसली, हेही तिचंच म्हणणं. मामाचा एक नियम आहे, तो त्याने आजवर मोडलेला नाही. शिक्का तयार झाला की पहिला ठसा गिऱ्हाइकानेच उमटवायचा. मामा स्वतः आधी उमटवून बघत नाही. त्या दिवशी मामीने ठसा उमटवला तो तिरका आला. ती म्हणाली शिक्का तिरका आहे, मामा म्हणाला हात तिरका आहे. ते भांडण अजून मिटलेलं नाही, मध्ये फक्त लग्न झालं.

पुढे कचेरी सुटली आणि मामी घरीच प्रकाशकांची हस्तलिखितं टाइप करायला लागली. कुणाचंही अक्षर तिला लागायचं. एक म्हातारे लेखक होते, त्यांचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी नाचलेली. ते खुद्द त्यांना वाचता यायचं नाही, पण मामी वाचायची. ती बटणांकडे कधी बघायची नाही. टायपिस्टने बटणांकडे बघणं म्हणजे घास घेताना तोंड कुठे आहे ते आरशात बघणं, असं तिचं मत. डोळे हस्तलिखितावर, बोटं आपली आपल्या वाटेने चाललेली. दुकानात गेलं की फळीपलीकडून तिचा टकटकाट ऐकू यायचा, आणि तो ऐकत मामा खाली मान घालून कोरत असायचा.

मग मामीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

पाय सुधारला. तोंड थोडं वाकडं झालं होतं तेही जागेवर आलं, आणि जीभ तर एक दिवससुद्धा अडली नाही, हे देवाचे उपकार की काय ते मामाला विचारायला हवं. पण उजवा हात आला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या, मामी मुकाट्याने सगळं करायची, आणि हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा तरी ठेवल्यासारखा पडून राहायचा. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता यापुढे फार धरून चालू नका.

मराठी टाइप करताना डाव्या हाताकडे काना, मात्रा, वेलांट्या, उकार असतात आणि बहुतेक अक्षरं उजव्या हाताकडे. म्हणजे मामीचा उजवा हात गेला त्याबरोबर अक्षरंच गेली. डाव्या हाताच्या एका बोटाने सगळ्या कीबोर्डभर हिंडत एकेक अक्षर टिपून तिने आठवडाभर पाहिलं. मग तिने कीबोर्डवर कापड टाकलं आणि टेबलाशी बसणं बंद केलं. मला म्हणाली, जेवण चमच्याने भरवून घेतलं, वेणी दुसऱ्याकडून घालून घेतली, त्याचं काही वाटलं नाही. पण हे असं दाणे टिपत बसायला मी काय कोंबडी आहे? मी हसले. ती हसली नाही.

तिकडे दुकानात मामाने रेडिओ मोठ्याने लावायला सुरुवात केली. आधी तो दुकानात रेडिओ लावायचा नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, गिऱ्हाइकांना आवडतं. गिऱ्हाईक येऊन ओरडून बोलायचं, हा ओरडून उत्तर द्यायचा, आणि पार्टिशनपलीकडे मामी भिंतीकडे बघत बसलेली.

म्हाताऱ्या लेखकांचं नवं बाड तिच्या टेबलावर तसंच होतं. अर्धंही टाइप झालं नव्हतं. प्रकाशक भला माणूस, थांबतो म्हणाला. पण म्हातारे स्वतः थांबतील याची खात्री कोण देणार? त्यांना आपलं पुस्तक डोळ्यांनी बघायचं होतं. आणि मामीला, तिने तोंडाने कधी म्हटलं नाही तरी, ते बाड परत द्यायचं नव्हतं. ते बाड घरातून गेलं असतं तर त्यामागोमाग दुसरं आलं नसतं. हे तिला कळत होतं, मामाला कळत होतं आणि मलाही कळत होतं, म्हणून त्यावर कुणीच बोलत नव्हतं.

एक दिवस मामाने मला दुकानात बसवलं, रेडिओ बारीक केला आणि विचारलं, “कीबोर्ड म्हणजे आत असतं तरी काय?”

मी लिफ्टच्या कंट्रोल पॅनलचं काम करते. बटण दाबलं की नक्की कुठली तार कुठल्या तारेला भेटते आणि मग लिफ्ट चौथ्या मजल्याऐवजी तळघरात का जाते, हे शोधण्यात माझे दिवस जातात. मी त्याला सांगितलं, कीबोर्ड काही फार वेगळा नसतो. खाली उभ्या-आडव्या तारांची जाळी, प्रत्येक गाठीवर एक स्विच, आणि कोपऱ्यात एक चिप. कुठली उभी कुठल्या आडवीला भेटली ते चिप बघते आणि त्याप्रमाणे अक्षर पाठवते. कुठल्या गाठीला कुठलं अक्षर, ते आपण चिपला सांगू तसं.

“आपण सांगू तसं?” त्याने पुन्हा विचारलं.

मी हो म्हटलं, आणि तिथेच अडकले. मामाने एक काम डोक्यात घेतलं की दुसऱ्याची झोप उडते.

बेत असा ठरला. फक्त डाव्या हाताचा कीबोर्ड करायचा. पाच उभ्या रांगा, तीन आडव्या. नुसतं बटण दाबलं तर डाव्या हाताचंच जे असतं ते यायचं, काने आणि वेलांट्या. अंगठ्याखाली एक लांब बटण. ते धरून ठेवून दाबलं तर त्याच बटणांतून उजव्या हाताची अक्षरं यायची. उजवीकडचा गठ्ठा होता तसा उचलायचा आणि डाव्या बोटांखाली आणून ठेवायचा. डावीकडून उजवीकडे ज्या क्रमाने अक्षरं होती, त्याच क्रमाने. प प्रथम, मग र, मग क, मग त, मग च. मामीला दाखवलं, तिलाही पटलं. तिघांनी मान डोलावली म्हणजे गोष्ट बरोबरच असणार, नाही का?

पहिला मी केला. जाड पुठ्ठ्याला भोकं पाडली, त्यात स्विच बसवले, मागून तारा जोडल्या, आणि बटणांवर अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. दिसायला तो शाळेच्या प्रदर्शनातल्या ज्वालामुखीसारखा होता, पण चालत होता. मामी त्यावर बसायला लागली. रोज सकाळी, केस विंचरून, कामावर जाणाऱ्या बाईसारखी.

आणि हळू, एकेक बटण बघून दाबलं, की सगळं बरोबर यायचं. जरा वेग घेतला की चुलीत जायचं. बाडातलं एक वाक्य ती सरावाला घ्यायची, ‘तो रोज परत जातो.’ वेगाने लिहिलं की पडद्यावर यायचं, ‘रो तोब चतर बारो.’ जणू कुणी मंत्र टाकून भूत उतरवतंय. ‘हात’ लिहायला गेली की ‘दार’ यायचं. एकदा नाही, दरवेळी. क आणि ग तेवढे चुकायचे नाहीत, बाकी सगळ्यांनी घरं बदललेली.

“मी हात लिहिते आणि दार येतं,” मामी एकदा म्हणाली. “डावा हात तो डावाच. आयुष्यभर ह्याला नुसत्या वेलांट्या द्यायला लावल्या, आता म्हातारपणी अक्षरं शिक म्हटलं तर कसा शिकेल?”

मी तिला सांगितलं की सराव लागतो. मामानेही तेच सांगितलं. आम्हाला दुसरं काही सुचतच नव्हतं.

त्याच्या डोक्यात आलं की दोष पुठ्ठ्याचा आहे. पुठ्ठा दबतो, बटणं डुगडुगतात, बोटांना भरवसा वाटत नाही. मग त्याने खरा करायला घेतला. त्या महिन्यांत शिक्क्यांच्या ऑर्डरी पडून राहिल्या आणि दोन कचेऱ्यांचे कारभार बिनशिक्क्याचे चालले. जग काही बुडालं नाही.

आधी त्याने मामीचा डावा हात शाईच्या पॅडवर दाबून कागदावर उमटवून घेतला. बोटं जराशी वाकवून, जशी टाइप करताना असतात तशी. मामीने शाई निघत नाही म्हणून आठवडाभर बोलणी ऐकवली. पण त्या ठशावरून त्याने प्रत्येक बोटाची रांग आखली. मधल्या बोटाची वर सरकवलेली, करंगळीची चांगली खाली उतरवलेली, अंगठ्याचं बटण तिरकं. बाजारच्या कीबोर्डात सगळी बोटं एका मापाची धरलेली असतात. हे माप एकाच बाईच्या हाताचं होतं.

मग पितळेचा पत्रा. शिक्क्यांसाठी आणलेल्यातला चांगला जाड त्याने काढला, ड्रिलने भोकं पाडली आणि कानशीने एकेक भोक चौकोनी करत बसला. स्विच टचकन बसला पाहिजे आणि हलता कामा नये. एखादं भोक जरा सैल झालं की तो पत्रा बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. मी म्हटलं, एवढं चालतं. तो म्हणाला, लिफ्टमध्ये चालत असेल. खालचा साचा त्याने शिक्क्यांच्या मुठींच्या लाकडाचा केला, तळहात टेकायला पुढे गोलवा देऊन, आणि घासून घासून असा केला की हात ठेवला की उचलावासा वाटू नये.

स्विचवरून आमचं वाजलं. मी नमुने आणले होते. माझं म्हणणं, आवाज न करणारे घे, मऊ असतात, बोटं दमत नाहीत. मामाने एकेक स्विच कानाशी धरून दाबून पाहिला, नारळ वाजवून बघावा तसा. शेवटी त्याने सगळ्यांत कडकडणारे निवडले. मी म्हटलं, मामा, एकच हात चालवायचा तिला, त्यात हे खणखणीत कशाला? घरात बसवेना होईल.

त्याने कानस खाली ठेवली. “मला तिकडे ऐकू आलं पाहिजे,” तो म्हणाला. “ती बंद पडल्यापासून मला कोरता येत नाही नीट.”

मी जाऊन कडकडणारे आणले.

बटणांच्या टोप्यांवर तो अक्षरं कोरणार होता. पहिली र ची कोरली, मोठ्या अभिमानाने मामीपुढे ठेवली, आणि ती उलटी. आरशातला र. आजारपणानंतर मामी त्या दिवशी पहिल्यांदा पोट धरून हसली, म्हणजे एका हाताने जेवढं धरता येतं तेवढं. म्हणाली, राहू द्या, कोऱ्याच ठेवा, मी कुठे बघते? मग टोप्या कोऱ्याच राहिल्या. तर्जनीला जागा कळावी म्हणून तिथल्या टोपीवर त्याने एक बारीक टिंब ठेवलं, एवढंच.

पण त्या हसण्याच्या जिवावर पुठ्ठ्याचा कीबोर्ड काही सुधारला नाही. ‘हात’चं ‘दार’ होतच राहिलं. एका शनिवारी मी गेले तर बाड सुतळीने बांधून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं होतं. मामीने प्रकाशकाला फोन करून सोमवारी येऊन न्यायला सांगितलं होतं. म्हाताऱ्या माणसाला आपण अडवून ठेवायचं नाही, ती म्हणाली. मामाला ठाऊक आहे का विचारलं तर म्हणाली, सुतळीची गाठ त्यांनीच मारली, मला एका हाताने येते का गाठ?

मामा दुकानात तारा जोडत बसला होता. रेडिओ चालू होता. मी म्हटलं, आण इकडे, मी जोडते, रोजचं काम आहे माझं. त्याने दिलं नाही. त्याने जाळीचा नकाशा काढून ठेवला होता, इतका स्वच्छ की फ्रेममध्ये लावावा. कीबोर्ड पालथा घालून मागून तारा जोडाव्या लागतात, तेव्हा डावं उजवीकडे जातं. म्हणून त्याने नकाशाच मागून बघितल्यासारखा काढला होता. या बाबतीत याला कोण शिकवणार? मी नुसती चिप तपासली. पुठ्ठ्यातली तीच, तोच प्रोग्रॅम, तसाच्या तसा. ती त्याच्या हवाली केली आणि घरी आले.

रविवारी दुपारी कीबोर्ड पुरा झाला. खरं सांगते, वस्तू सुंदर होती. पितळ पिवळंजर्द, लाकूड मधाच्या रंगाचं, आणि आकार असा की डाव्या हाताची वाट बघत कुणीतरी बसलंय. मी म्हटलं, आधी मला जोडून बघू दे. मामाने मान हलवली. पहिला ठसा गिऱ्हाइकाचा. इथेही नियम म्हणजे नियम. मला रागच आला.

मामी त्याचं मन मोडू नये म्हणून टेबलाशी बसली, हे तिच्या पाठीवरूनच दिसत होतं. मी बाडाची सुतळी सोडली आणि पहिलं पान तिच्यापुढे ठेवलं. कुठलं वाक्य घ्यायचं ते तिला ठरवायला नकोच होतं. तिने हात ठेवला. बरा बसतो, म्हणाली. मग पडद्याकडे न बघता, बटणांकडे न बघता, पूर्वी बघायची तशी फक्त बाडाकडे बघत तिने ते वाक्य एका दमात लिहून टाकलं. तिला आता बरोबर-चूक बघायचंच नव्हतं. जणू बोटांना म्हटलं, जा बाबांनो, जिथे जायचं तिथे जा. खोली टकटकाटाने भरली, आणि टकटकाट थांबला.

“काय आलं?” तिने विचारलं. “चतर बारोच ना?”

पडद्यावर होतं, ‘तु रुज परत जातु.’

मी आधी कपाळाला हात लावला. पालथा घालून जोडताना तारा उलट्या पडल्या होत्या, हे उघड होतं. पाचवी उभी रांग पहिलीच्या जागी, पहिली पाचवीच्या. मधल्या रांगेतला काना तेवढा जागेवर, बाकी मात्रांची उलटापालट झाली होती. त्याशिवाय ‘तो’चं ‘तु’ आणि ‘रोज’चं ‘रुज’ झालं नसतं. मी मामाकडे पाहिलं. तो नकाशा हातात घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. नकाशा त्याने आधीच उलटा काढला होता. आणि जोडायला बसल्यावर, कागदावर जे दिसेल ते उलटं करायचं ही जन्माची सवय, हाताने ते पुन्हा उलटं केलं. दोनदा उलटं म्हणजे सुलट, आणि पालथ्या कीबोर्डवर सुलट जोडलं की समोरून ते उलटं. त्याच्या सगळ्या आयुष्यात एक शिक्का चुकला नव्हता आणि हा चुकला. तो दुकानात गेला, तारा सोडवायला सोल्डरची सळई घेऊन आला आणि तिचा प्लग लावला.

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मात्रा चुकल्या होत्या हे खरं. पण त, र, ज, प? एकही अक्षर चुकलं नव्हतं. ‘परत’ तर अक्षरशः जसंच्या तसं. पुठ्ठ्यावर इतके दिवस घासून जे एकदाही वेगात आलं नव्हतं, ते आज उलट्या तारांवर आपोआप आलं होतं.

“मामी,” मी म्हटलं, “हात लिही.”

तिने लिहिलं. आलं ‘हात’.

“पुन्हा लिही. न बघता.”

पुन्हा ‘हात’. तिने स्वतःच आणखी लिहिलं, परत, कागद, राजा, परत. सगळं आलं. तिसऱ्या ओळीला तिचं बोट थांबलं. तिने डाव्या हाताने आपला उजवा हात मांडीवरून उचलला, टेबलावर ठेवला आणि त्यावर डावा हात ठेवला, तळव्याला तळवा. अंगठ्यावर अंगठा आला, तर्जनीवर तर्जनी, करंगळीवर करंगळी. ती बराच वेळ बघत राहिली. आणि मग मलाही दिसलं. उजवी तर्जनी जन्मभर र लिहीत आली होती. डाव्या हाताला र हवा असेल तर तो डाव्या तर्जनीलाच हवा असणार. आणि आम्ही शहाण्यांनी गठ्ठा जसाच्या तसा उचलून आणला आणि त्या तर्जनीखाली त ठेवला होता. काखेत कळसा म्हणतात तो असा.

मामा सळई हातात धरून वाकून बघत होता. “ठसा आहे,” तो म्हणाला. “एक हात दुसऱ्याचा ठसा आहे.”

मामीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

“म्हणजे इतके दिवस माझा हात चुकत नव्हता?”

“नाही मामी.”

“तो बरोबर लिहीत होता?”

“बरोबर लिहीत होता. आम्ही अक्षरं चुकीची ठेवली होती.”

तेव्हा ती रडली. अंगावरून वारं गेलं तेव्हा नाही, डॉक्टर बोलले तेव्हा नाही, बाड बांधलं तेव्हासुद्धा नाही. तेव्हा ती त्या डाव्या हाताकडे बघून रडली, ज्याला तिने महिनोन् महिने मठ्ठ म्हटलं होतं. मामा तिच्याजवळ गेला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मला काय करावं ते कळेना म्हणून मी त्याच्या हातातली सळई काढून घेतली, नाहीतर दोघं भाजली असती.

बाकीचं काम फुटकळ. तारा होत्या तशाच ठेवल्या आणि मात्रांपुरतं चिपला सांगितलं की तुझं डावं ते उजवं समज. चहा निवायच्या आत झालं. मामाला एवढ्यावर समाधान नव्हतं. पत्र्याखाली तारा चुकलेल्या राहणार, आत चूक आहे हे आपल्याला ठाऊक असणार, मी सगळं सोडवून पहिल्यापासून जोडतो, असं त्याने सुरू केलं. मामीने कीबोर्डवर हात आडवा ठेवला.

“हात लावाल तर बघा,” ती म्हणाली. “तुमचा उलटेपणा एकदा माझ्या उपयोगी पडला आहे. तो तरी राहू द्या.”

एक टोपी मात्र तिने बदलून घेतली. तर्जनीखालची टिंबाची काढून तिथे ती उलट्या र ची बसवायला लावली. त्याची जागा तीच होती म्हणाली.

सोमवारी मी मुद्दाम अर्धा दिवस रजा काढून गेले. प्रकाशक आला तेव्हा मामा दुकानात पितळेवर काहीतरी कोरत होता आणि रेडिओ बंद होता. प्रकाशकाने दबक्या आवाजात, दुखवट्याला आल्यासारखं, बाड न्यायला आलोय म्हणून सांगितलं. मामाने वर न बघता कोरणीने पार्टिशनकडे दाखवलं. पलीकडून आवाज येत होता. पूर्वीएवढा वेग नव्हता, मध्येच थांबत होता, पण एका बोटाचा नव्हता. पाच बोटांचा होता. प्रकाशक डोक्यावरची टोपी हातात घेऊन थोडा वेळ ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, म्हातारबुवांना सांगतो, आणि रिकाम्या हाताने निघून गेला.

मी स्टुलावर बसले. मामा कोरत होता, पण मी नीट पाहिलं तर कोरणी हलतच नव्हती. तो नुसताच बसला होता, मान खाली घालून, फळीकडे कान लावून. पलीकडचा आवाज थांबला.

“अहो,” मामी आतून म्हणाली. “रेडिओ लावा की. तुम्ही ऐकत बसता ते मला इकडे कळतं. मग चुकायला होतं.”

मामाने उठून रेडिओ लावला, अगदी बारीक, आणि पुन्हा येऊन कोरायला बसला.